वाचकांचे प्रश्न : पोलाद कारखाना आणि मालाची ने-आण

प्रश्न : मोठ्या पोलाद कारखान्यांचे खाणींशी आणि जहाज कंपन्यांशी दीर्घ मुदतीचे करार असतात, आवारात कच्च्या मालाचे डोंगर उभे असतात, तरीही वाहतूक थोडी विस्कळीत झाली की उत्पादन घटते. असे का व्हावे?

उत्तर : करारामुळे माल आपल्या नावावर होतो, तो भट्टीच्या तोंडाशी वेळेवर येईलच असे नाही. झोतभट्टीच्या (गरम हवेचा झोत सोडून खनिजापासून लोखंड काढणाऱ्या भट्टीच्या) मार्गाने एक टन पोलाद तयार करायचे तर सुमारे १.४ टन लोहखनिज, पाऊण टनाहून थोडा अधिक कोळसा आणि पाव टनाच्या आसपास चुनखडी लागते. म्हणजे वर्षाला ५० लाख टन पोलाद काढणाऱ्या कारखान्यात रोज साधारण ३३ हजार टन कच्चा माल आत यावा लागतो. एका मालगाडीत ४ हजार टन माल धरला, तर दिवसाला आठ-नऊ गाड्या, म्हणजे रात्रंदिवस दर तीन तासांच्या आत एक गाडी येऊन रिकामी होऊन बाहेर पडली पाहिजे. शिवाय तयार माल आणि धातुमळी (भट्टीतून निघणारा मळ) यांना बाहेर नेणारी वाहतूक निराळीच, आणि तीही बहुधा त्याच रुळांवरून व त्याच फाटकांतून होते.

खरी अडचण माझ्या मते मालाच्या राशीपेक्षा त्याच्या येण्याच्या लयीत आहे. भट्टी दर तासाला ठरावीक माल खाते. माल मात्र ढिगाढिगाने येतो. याच कारखान्याला दिवसाला १० हजार टनांहून थोडा अधिक कोळसा लागत असेल आणि तो १ लाख ७० हजार टनांच्या जहाजाने येत असेल, तर एका जहाजावर पंधरा-सोळा दिवस निघतात. परंतु ते जहाज धक्क्याला लागले की तेवढा माल हलवायला चाळीसहून अधिक मालगाड्या लागतात. दोन जहाजे एकदम आली तर एक बाहेर नांगर टाकून उभे राहते आणि डेमरेज (जहाज खोळंबल्याबद्दलची आकारणी) चढू लागते. दोन्ही लांबली तर आवारातला साठा खाली जातो. साठा वाढवून ठेवणे हा उपाय सुचतो, पण पंधरा दिवसांचा माल म्हणजे ५ लाख टन. त्याला जागा लागते, त्यात भांडवल अडकते, आणि उघड्यावर फार दिवस पडलेल्या कोकिंग कोळशाचा (ज्यापासून भट्टीत घालायचा कोक बनतो) कस उतरतो, तो तापून पेटण्याचीही भीती असते.

माल संपला म्हणून झोतभट्टी कारखान्यातील इतर यंत्रांप्रमाणे बंद करता येत नाही. आत १,५०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळलेले लोखंड असते. पूर्वतयारी करून, जादा कोक भरून भट्टी काही काळ झाकून ठेवता येते. तयारीविना थांबली आणि तळाचे लोखंड गोठले तर ती पूर्ववत करण्यात आठवडे जातात. म्हणून साठा घसरू लागताच व्यवस्थापन हवेचा झोत कमी करून उत्पादन आपणहून उतरवते. आपण वाचता ती घट बहुतेक वेळा अशी जाणूनबुजून केलेली असते. २०१८ मध्ये ऱ्हाईन नदीचे पाणी इतके उतरले की बार्ज (नदीतल्या सपाट मालवाहू नौका) अर्ध्याहूनही कमी भरून चालवावे लागले. तेव्हा जर्मनीतील डुइसबर्ग येथील थिसेनक्रुपच्या पोलाद कारखान्याला कच्चा माल पुरेनासा झाला आणि ग्राहकांना पुरवठ्यातील अडचण कळवावी लागली. तेथे खनिजाची टंचाई नव्हती. नदीत पाणी नव्हते.

म्हणूनच टनामागे भाडे किती एवढ्यावरच वाहतुकीची निविदा ठरवणे मला चुकीचे वाटते. गाड्या ठरल्या वेळेच्या किती मागेपुढे येतात, हा आकडा भाड्याच्या आकड्याशेजारी मांडल्याशिवाय स्वस्त काय आणि महाग काय हे कळत नाही.

प्रश्न : खनिज आणि कोळसा आणणाऱ्या वाघिणी (मालगाडीचे डबे) रिकाम्या परत जातात, असे ऐकले. त्यांतच तयार पोलाद का पाठवत नाहीत?

उत्तर : हा विचार प्रत्येक कारखान्यात कधी ना कधी होतो, आणि काही मालाच्या बाबतीत तो साधतोही. पण आधी एक बाब पाहा : वाघिणी आपसांतही सहज बदलता येत नाहीत. तेवढ्याच जागेतल्या कोळशापेक्षा लोहखनिज जवळजवळ तिप्पट जड असते. कोळशाच्या मापाने बांधलेल्या वाघिणीत खनिज भरले तर तळाचा तिसरा भाग भरताच वजनाची मर्यादा गाठली जाते. खनिजाच्या मापाने बांधलेल्या बुटक्या वाघिणीत कोळसा भरला तर जागा संपते आणि वजन अपुरे राहते.

तयार मालात कॉइलचा, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीचा, प्रश्न सर्वांत बिकट आहे. पत्र्याची एक कॉइल २०-२५ टनांची असू शकते आणि आडवी ठेवली तर तिचा सगळा भार तळाशी एका अरुंद पट्टीवर येतो. गाडीने ब्रेक लावताच ती घरंगळू पाहते, म्हणून तिला दोन्ही बाजूंनी धरणारी घडवंची लागते, आणि अशी घडवंची असलेल्या वाघिणीत खनिज भरता येत नाही. साध्या वाघिणीत लाकडी पाचरा ठोकून आणि साखळ्या आवळून कॉइल बसवता येते. मात्र त्या वाघिणीच्या कोपऱ्यांत खनिजाची ओली भुकटी चिकटलेली असते आणि गाडी, यंत्रे वा घरगुती उपकरणे बनवणारा ग्राहक ओरखडा पडलेला किंवा डागाळलेला पत्रा परत पाठवतो.

ओलाव्याबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण नुकसानभरपाईचे बरेच तंटे तेथेच उभे राहतात. थंड प्रदेशात भरलेली कॉइल थंडच राहते. जहाज उष्ण, दमट हवेत शिरल्यावर माल ठेवलेल्या तळकोठीची झाकणे उघडली किंवा बाहेरची हवा आत खेळवली, तर त्या थंड धातूवर दव धरते. जस्तलेपित पत्र्यावर त्यामुळे पांढरा गंज येतो. माल उतरताना तपासनीस गंजावर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून पाहतो. थेंब दुधाळ झाला तर क्षार आहेत, म्हणजे समुद्राचे पाणी लागल्याचा संशय. तसाच राहिला तर दव किंवा पाऊस. भरपाई कोणाकडे मागायची याचा शोध बहुधा या थेंबापासून सुरू होतो.

आता रस्त्याने माल नेणाऱ्या ट्रेलरचे. २०-२५ टनांच्या दोन कॉइल म्हणजे बहुतेक ट्रेलरची मर्यादा संपते, त्यामुळे हजारो टन माल रस्त्याने काढायचा तर शेकडो फेऱ्या होतात. महिनाअखेरीस विक्रीचे आकडे गाठण्यासाठी सगळा माल एकदम सोडला जातो, वजनकाट्यापाशी रांग लागते आणि चालक रात्र-रात्र गाडीतच बसून राहतात. त्यांच्यासाठी सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि खरी वेळ सांगणारी नोंदणी हे खर्चाच्या यादीत शेवटी ढकलले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. अपुरी झोप झालेल्या माणसाच्या हाती ५० टनांचा भार देऊन त्याला महामार्गावर सोडणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

प्रश्न : मग कारखाना खाणीजवळ उभारावा की बंदराजवळ?

उत्तर : खनिज आणि कोळसा दोन्ही बाहेरून येणार असतील तर किनारा निःसंशय सोयीचा, युद्धोत्तर जपानने भर घालून मिळवलेल्या किनाऱ्यावर कारखाने उभारले ते याच कारणाने. जहाजातून माल थेट सरकत्या पट्ट्यावर पडतो आणि रेल्वेचा एक टप्पाच वाचतो. खाणीजवळच्या कारखान्याचे खनिज स्वस्त पडते, पण कोकिंग कोळसा दुरून आणावा लागतो आणि पत्रा ग्राहकापर्यंत दूर न्यावा लागतो. भंगार वितळवणाऱ्या विद्युत भट्टीला यांपैकी कशाचीच जवळीक लागत नाही. तिला मोठ्या शहरांचा शेजार हवा. मात्र तिचा माल जहाजाने एकगठ्ठा येण्याऐवजी पुष्कळदा लहान-लहान ट्रकांनी येतो, आणि त्यातल्या प्रत्येकाची फाटकावर किरणोत्सर्ग व (भट्टीत फुटू शकणाऱ्या) बंद टाक्या यांसाठी तपासणी करावीच लागते.