अर्धवट राहिलेल्या गोधड्या पूर्ण कशा करायच्या?

वर्षानुवर्षं कपाटात पडून असलेल्या तीन-चार अर्धवट गोधड्या हातावेगळ्या कशा करायच्या, असं तुम्ही विचारलंय. सगळ्या एकदम काढू नका. जिचं काम सर्वांत कमी उरलंय ती एकच घ्या.

आधी त्यातल्या जुन्या टाचण्या काढा, त्यांचा गंज कापडात उतरतो आणि सहसा निघत नाही. मग घडीची जागा दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ताणून पाहा. कापड तिथेच आधी विरतं. विरलं असेल तर वरून ठिगळ लावा, उसवत बसू नका. जुना दोराही झटका देऊन तपासा; तुटला तर नवाच घ्या.

आता गोधडी जमिनीवर पसरा आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके नव्याने घाला, मधून कडेकडे. उलट गेलात तर मध्ये चुण्या साचतात.

टाका पूर्वीसारखा येणार नाही. येऊ दे वेगळा. जुने टाके उसवून सारखे करायला गेलं की गोधडी पुन्हा कपाटात जाते, हे मी स्वतः अनुभवलंय.

दोरा ४५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा, लांब दोरा गुंततो. रोज दोनदा सुई ओवून संपेल एवढंच शिवा, आणि गोधडी घडी करून आत न ठेवता डोळ्यांसमोर राहू द्या.