खानापूर–बेळगाव रोज बाइकवर ये-जा आहे. पँट आणि बॅग टिकाऊ हवी, कुठल्या कंपनीची घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्षात तीन पँटी आणि दोन बॅगा गेल्या. आता चार पैसे जास्त घालायची तयारी आहे, पण पुन्हा फसायचं नाही. कंपनीकडे मी नंतर येतो. आधी एक सांगा, त्या तीन पँटी नेमक्या कशा गेल्या? उसवल्या, विरल्या की फाटल्या?

लहानपणी मी "पँट फाटली" म्हणत आलो की आई ती हातात घेऊन उजेडात धरायची आणि म्हणायची, "फाटली कुठं, उसवलीय की." उसवली म्हणजे शिवण गेली, कापड शाबूत आहे. विरली म्हणजे घासून घासून कापडच पातळ झालं. फाटली म्हणजे धडधाकट कापड कशाला तरी अडकून गेलं. तिन्हींची कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे. उसवणाऱ्या पँटीवर जाड कापडाचा इलाज चालत नाही. विरणाऱ्या पँटीला कितीही पक्की टीप मारली तरी ती विरायची थांबत नाही.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतच एका मशीन शॉपमध्ये तपासणीला आहे. दिवसभर जॉब, म्हणजे मशीनवर तयार झालेले भाग, मोजायचे, त्यामुळे दुकानात गेलो तरी हात आधी वस्तू उलटी करायला जातो. बारा वर्षांत मी पँटी, शर्ट, बॅगा, बूट असं बरंच उलटंपालटं करून बघितलंय. माझा अनुभव असा की आपण कापड बघून पैसे देतो आणि वस्तू मात्र जोडावर जाते.

हे काही नवीन नाही. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. कामगारांच्या पँटींचे खिसे कोपऱ्यात सारखे उसवायचे, म्हणून त्याने तिथे तांब्याचे रिव्हेट ठोकले. त्याला कापड पुरवणारे लीव्हाय स्ट्रॉस आणि तो, दोघांनी मिळून २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंट घेतलं. जीन्सच्या खिशावरची ती बटणासारखी दिसणारी धातूची टिकली हीच. कापड तेच ठेवलं, फक्त ताण येणारी जागा धरली.

आता तुमची पँट. रोज जाऊन-येऊन ५० किलोमीटरच्या आसपास सीटवर घासणं होतं, तेव्हा माझा अंदाज आहे की ती आसनात विरत असणार. कापड स्ट्रेच, म्हणजे ताणणारं, असेल तर आणखी लवकर. त्यातला इलॅस्टेनचा धागा उष्णतेने मरतो. गरम पाणी, कडक इस्त्री, ब्लीच, सगळं त्याला वाईट. गुडघे लोंबायला लागले की समजायचं, धागा गेला.

कापडाचं वजन विचारा. साधं कापड जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असं मोजतात. डेनिम औंसात सांगतात आणि १ औंस म्हणजे सुमारे ३४ जीएसएम. १४ औंसाची जीन्स हातात घेतली की भारी वाटतं, पण तुमच्याकडे जुलैत ती तीन दिवस वाळणार नाही आणि ओलसर राहून कुबट वास धरेल. एकाच जिल्ह्यात कोरड्या अथणीकडचा माणूस ती बिनधास्त घालू शकतो, कणकुंबी-जांबोटीच्या पावसाशेजारी राहणाऱ्याने घालू नये. तुम्हाला २५० ते ३०० जीएसएमचं ड्रिल किंवा ट्विल, म्हणजे तिरप्या विणीचं कापड, पुरे. पावसाळ्यासाठी पॉलिस्टर मिसळलेलं घ्या, ते लवकर वाळतं आणि घासायलाही चिवट असतं. एरवी शुद्ध सुती.

आणि शक्य असेल तर पँट शिवून घ्या. मी बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात, वर्दी शिवणाऱ्या एका टेलरकडे शिवतो. त्याला चार गोष्टी सांगितल्या: धागा पॉलिस्टरचा, बाजूला दुहेरी टीप, आसनात आतून त्याच कापडाचा दुसरा थर, आणि शिवणीत माया, म्हणजे कडेला जादा कापड, सोडायची. ही माया फार मोलाची आहे. रेडिमेड पँट उलटी करून बघा, कडेला अर्धं बोटसुद्धा कापड सुटलेलं नसतं, ओव्हरलॉक मारून संपवलेलं असतं. ती उसवली तर पुन्हा टीप घालायला जागाच नाही. माझ्या पँटीला मागच्या मध्यशिवणीत दीड इंच माया आहे, गेल्या पाच वर्षांत ती दोनदा सैल केली. आमच्या आजोबांच्या सदऱ्याला काखेत चौबगला असायचा, हात वर केला तरी शिवणीवर ताण येत नसे. तीच युक्ती आसनात शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा जोडून होते. टेलरला सांगा, त्याला कळतं.

शर्टाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कॉलर विरते, बाकी शर्ट चांगला असतो. कॉलर उलटवून लावून द्यायचं काम जुने टेलर अजून करतात.

बॅगेत मात्र मी स्वतः पोळलोय, म्हणून सविस्तर लिहितो. सहा वर्षांपूर्वी एक नावाजलेली बॅग घेतली, जपून ठेवायची म्हणून दोन पावसाळे कपाटातच होती. बाहेर काढली तर आतला काळा थर चिकट होऊन पापुद्रे सुटत होते, आणि ते माझ्या सगळ्या ड्रॉइंगच्या कागदांवर. वरचं कापड नवंकोरं! कापडाच्या आतून पाणी अडवायला पॉलियुरेथेनचा लेप देतात. त्यातला स्वस्त प्रकार हवेतल्या दमटपणाने आपोआप तुटत जातो, बॅग वापरा वा न वापरा. न वापरलेल्या बुटांचे तळ भुगा होतात तेही यामुळेच. म्हणून बॅग घेताना आतून हात फिरवा, वास घ्या. जुना स्टॉक असेल आणि आत चिकट लागत असेल तर निम्म्या किमतीतही घेऊ नका. घरी असलेली बॅग पावसाळ्यात कपाटात कोंबून न ठेवता खुंटीला वाऱ्यावर टांगा.

लेबलवर १००० डी, १६८० डी असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर, ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, एवढंच. १६८० चं पॉलिस्टर आणि ५०० चं चांगलं नायलॉन यांत मी नायलॉन घेईन, कारण घासण्यात नायलॉन पुष्कळ सरस.

पण खरी परीक्षा पट्ट्याची. बॅग उलटी करा आणि खांद्याचा पट्टा जिथे पाठीला जोडलाय तिथे बघा. पट्टा शिवणीत नुसता खुपसून एकच टीप मारली असेल तर लॅपटॉप आणि डब्याच्या वजनाने ती वर्षात उसवणार. तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण हवी, किंवा दाट आडव्या टाक्यांचा बारटॅक. बोटाने पट्टा जोरात ओढा. टाक्यांची भोकं मोठी होताना दिसली तर बॅग परत ठेवा.

चेनवर मागच्या बाजूला ५, ८, १० असा आकडा असतो, तो साधारण बंद दातांची मिलिमीटरमधली रुंदी. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० असावा. वायकेके या जपानी कंपनीची चेन चांगली असते, ती दिसली की मला विश्वास वाटतो, कारण चेनवर खर्च करणारा बाकी ठिकाणी सहसा काटकसर करत नाही. चेन बिघडली म्हणून बॅग टाकू नका. बहुतेक वेळा रनर, म्हणजे चेनवर सरकणारा तुकडा, सैल झालेला असतो, आपल्याकडे कुठलाही मोची तो थोडक्या पैशांत बदलून देतो.

वॉटरप्रूफ या शब्दावर तुमच्या रस्त्यावर भरवसा नको. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येतं, आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर येणारच. बॅगेत एक जाड प्लास्टिकची पिशवी ठेवा, तोंड तीनदा दुमडून, लॅपटॉप त्यात.

पायाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. अथणी-निपाणीकडच्या कोल्हापुरी चपला दिवाळीनंतर बिनधास्त वापरा. त्यांचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात, उसवल्या तर पुन्हा शिवता येतात. २०१९ मध्ये या चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चारही आहेत, म्हणजे ती आपलीही आहे. पावसात मात्र तिला बाहेर काढू नका.

आता कंपनी. वरची तपासणी जी पास होईल ती घ्या, माझ्याकडे सध्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॅगा आहेत. पैसे मोजकेच असतील तर आधी बॅग घ्या. जुन्या तीन पँटी टाकल्या नसतील तर टेलरकडे न्या, त्यातल्या निदान दोन आसनाला थर लावून वर्षभर चालतील. तिसरी वाकळीला ठेवा. आणि हे सगळं मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत उरका. मेअखेरीला आपल्या कर्नाटकातल्या शाळा सुरू झाल्या की टेलरकडे गणवेश आणि मोच्याकडे दप्तरं येऊन पडतात, मग तुमची पँट जुलैशिवाय हातात येत नाही.