मुलांसोबत सणासाठी पौष्टिक कुकीज करायच्यात? काम दोन दिवसांत वाटून घ्या

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. मैद्याच्या जागी गव्हाचं पीठ घातलं तर कुकीज फार कडक झाल्या, त्यावर उपाय काय? साखरेऐवजी काय घालता येईल? आणि चार व नऊ वर्षांच्या दोन मुलांना एकाच वेळी या कामात कसं घ्यायचं, कारण मागच्या वेळी भांडणं झाली आणि शेवटी सगळं तुम्हालाच उरकावं लागलं. मी दर वर्षी सणाच्या आधी मुलांना घेऊन कुकीज करते. माझ्या मते पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर एकाच गोष्टीत आहे: पीठ एका दिवशी मळा आणि कुकीज दुसऱ्या दिवशी भाजा.

आधी कडकपणाचं बघू. गव्हाच्या पिठात कोंडा असतो आणि तो पाणी शोषतो, पण सावकाश. मैद्याच्या पाककृतीत तेवढ्याच वजनाचं गव्हाचं पीठ घातलं की गोळा मळताना ठीक वाटतो, पण आतला कोंडा अजून कोरडाच असतो. मग तो ओव्हनमध्ये ओलावा ओढून घेतो आणि कुकी कोरडी, कडक होते. म्हणून दोन मोठे चमचे दूध जास्त घाला आणि मळलेला गोळा झाकून फ्रिजमध्ये ठेवा. अर्धा तास तरी हवाच, रात्रभर ठेवला तर उत्तम. सकाळी तोच गोळा हाताला वेगळा लागतो, मऊ आणि एकसंध. लाटताना कडाही फाटत नाहीत.

दुसरं कारण मळण्यात आहे. पीठ ओलं करून जितकं मळाल तितकं ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, तयार होतं. पोळीला ते हवं असतं, कुकीला नको. पीठ घातल्यावर ते दिसेनासं होईपर्यंतच एकत्र करायचं आणि थांबायचं. मुलांना मळायला फार आवडतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच त्यांचा सगळा जोर पीठ घालायच्या आधी वापरून घ्यावा. मऊ बटर आणि साखर फेटायचं काम त्यांना द्या, त्यात कितीही जोर लावला तरी चालतो. साखरेचे कण बटरमध्ये हवा कोंडतात, बेकिंग पावडर पुढे त्याच बुडबुड्यांना फुगवते. ती स्वतः नवे बुडबुडे करत नाही, त्यामुळे फेटण्यात कसर राहिली तर बेकिंग पावडर वाढवून उपयोग नसतो. बटर इतकं मऊ हवं की बोट दाबलं तर ठसा उमटेल, पण वितळलेलं नको.

तिसरं कारण सहसा लक्षात येत नाही. गव्हाच्या पिठाचा गोळा मुळातच तपकिरी असतो, त्यामुळे ‘सोनेरी होईपर्यंत भाजा’ ही सूचना इथे लागू पडत नाही. आपण रंगाची वाट बघत बसतो आणि कुकी तोवर वाळून जाते. रंगाऐवजी कडा बघा. कडा घट्ट झाल्या, मधला भाग बोटाला अजून थोडा मऊ लागतोय आणि उलथन्याने उचलल्यावर तळ हलका गडद दिसतोय, की ट्रे बाहेर काढा. कुकी गरम ट्रेवर आणखी काही मिनिटं शिजत राहते आणि गार झाल्यावरच कुरकुरीत होते. ओव्हनमध्येच कुरकुरीत झाली असेल, तर थंड झाल्यावर ती नक्कीच कडक होणार.

मी वापरते ते प्रमाण असं: २०० ग्रॅम गव्हाचं पीठ, १०० ग्रॅम मऊ बटर, ८० ग्रॅम बारीक साखर, ३ ते ४ मोठे चमचे दूध, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, एक छोटा चमचा दालचिनीची पूड आणि चिमूटभर मीठ. बटर खारट असेल तर मीठ नको. अंडं लागत नाही. बटर आणि साखर फेटा, दूध घाला, मग कोरडं साहित्य एकत्र चाळून मिसळा. गोळा बोटाने दाबल्यावर भेगा पडल्या तर आणखी एक चमचा दूध घाला. बेकिंग पावडर यापेक्षा वाढवू नका, नाहीतर तारे आणि मासे फुगून ओळखू येत नाहीत. आकार नीट राहायला हवा असेल तर गोळा थंड असणंही गरजेचं आहे. कापलेल्या कुकीज ट्रेसकट दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग भाजा. बटर हळू वितळतं आणि कुकी पसरायच्या आत तिच्या कडा पक्क्या होतात.

ओव्हन १८० अंश सेल्सिअसला आधी पूर्ण तापू द्या. पंख्याचा ओव्हन असेल तर १६०. पाच मिलिमीटर जाडीच्या कुकीला १० ते १२ मिनिटं लागतात. पण प्रत्येक ओव्हनची तऱ्हा वेगळी असते, म्हणून पहिल्या फेरीत दोनच कुकीज भाजून बघा. त्या दोघांनी खाऊन सांगायचं, वेळ वाढवायचा की कमी करायचा. हा निर्णय मुलांकडे दिला की ती पुढच्या ट्रेकडे डोळ्यांत तेल घालून बघतात.

आता साखर. इथे माझं मत जरा ठाम आहे. साखरेच्या जागी मध किंवा सिरप घातलं की कुकी ‘साखरमुक्त’ झाली, असं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत मध, सिरप आणि फळांचा रस यांतली साखरही पांढऱ्या साखरेच्याच रांगेत धरली आहे. अशी सगळी साखर मिळून दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ५ टक्क्यांच्या खाली गेली तर आणखी चांगलं, असं त्यांत म्हटलं आहे. मध जरूर घाला, पण चवीसाठी घाला. तो द्रव असतो म्हणून दूध कमी करावं लागतं, कुकी मऊ होते आणि लवकर काळी पडते, तेव्हा आच दहा-पंधरा अंशांनी कमी ठेवा. घरात कुणाचं एक वर्षाखालचं बाळ असेल तर त्याला मध घातलेली कुकी अजिबात देऊ नका. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि घरच्या ओव्हनमधल्या भाजण्याने ते मरतील याची खात्री नसते.

खरा फरक प्रमाणाने पडतो. बहुतेक पाककृतींतली साखर पाव भागाने कमी केली तरी काही बिघडत नाही. त्याहून फार कमी केली तर मात्र कुकी फिकट, कोरडी आणि पावासारखी होते, कारण साखर गोडी तर देतेच, शिवाय ओलावा धरून ठेवते, कुकी पसरू देते आणि रंग आणते. वर दिलेल्या प्रमाणात साधारण २८ लहान कुकीज होतात, म्हणजे एका कुकीत जेमतेम ३ ग्रॅम साखर. लहान साचा वापरणं हा मला सगळ्यांत प्रामाणिक उपाय वाटतो. मुलांना आकडा महत्त्वाचा असतो, दोन छोट्या कुकीज मिळाल्या की त्यांना एका मोठीपेक्षा जास्त मिळाल्यासारखं वाटतं. दालचिनी, व्हॅनिला, संत्र्याच्या सालीचा कीस यांनी कमी साखरेतही गोडी पुरेशी वाटते.

आणि कृपा करून एकाच कुकीत सगळं पौष्टिक कोंबू नका. जवस, प्रोटीन पावडर, चार प्रकारच्या बिया, साखर शून्य, असं करून जी वस्तू तयार होते ती मूल एकदा तोंडात घालतं आणि पुढच्या वेळी ‘पौष्टिक’ शब्द ऐकूनच पळतं. सणाची कुकी आधी कुकी असू दे. अख्खं धान्य, बेताची साखर, घरचं बटर आणि वर मूठभर तीळ किंवा बदामाचे काप, एवढं पुरेसं आहे.

धाकट्यासाठी वेगळी, वरून अजिबात साखर न घातलेली कुकी हवी असेल तर दोन पूर्ण पिकलेली केळी कुस्करा, त्यात साधारण १५० ग्रॅम रोल्ड ओट्स आणि थोडी दालचिनी घाला. दहा मिनिटं मुरू द्या, चमच्याने ट्रेवर घालून काट्याने चपट्या करा आणि १८० अंशांवर पंधरा मिनिटं भाजा. कुरकुरीत होणार नाहीत, मऊच राहतील. दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. चार वर्षांचं मूल ही कुकी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ एकट्याने करू शकतं, फक्त ओव्हन तुमच्याकडे ठेवा.

भांडणांविषयी. लहान मुलाचा धीर अर्ध्या तासात संपतो. आपण मात्र त्या एका दुपारी मोजणं, मळणं, लाटणं, कापणं, भाजणं, सजवणं असं सगळं उरकू बघतो. मधे गोळा फ्रिजमध्ये असताना दोघं रिकामी बसतात आणि तिथेच ठिणगी पडते. दोन दिवस केले की पहिला दिवस वजनकाट्याचा होतो आणि दुसरा साच्यांचा. पिठाला लागणारी विश्रांती मुलांनाही मिळते.

पहिल्या दिवशी नऊ वर्षांच्या मुलीला काटा आणि पाककृती द्या. वाचायचं तिने, वजन करायचं तिने. आकडा बरोबर २०० वर आणण्यात मुलं रमून जातात, आणि निम्मं प्रमाण करायचं ठरवलं तर भागाकारही तिनेच करायचा. धाकट्याने वाटीतलं मोठ्या भांड्यात ओतायचं, चाळणी हलवायची, फेटायचं. सांडेल, म्हणून भांडं टेबलावर न ठेवता मोठ्या ट्रेमध्ये ठेवा, सांडलेलं तिथेच राहतं. दोघांत एक भांडं आणि एक चमचा हे मात्र टाळा. गोळा तयार झाला की त्याचे दोन भाग करा, प्रत्येकाच्या डब्यावर त्याचं नाव चिकटवा. हा गोळा माझा, हे एकदा ठरलं की निम्मी भांडणं मिटतात.

दुसऱ्या दिवशी गोळा दहा मिनिटं बाहेर ठेवून मग लाटायला घ्या. दोन बटर पेपरांच्या मध्ये लाटला तर कोरडं पीठ लावावं लागत नाही आणि लाटण्याला चिकटतही नाही. जाडी एकसारखी असणं मात्र आकारापेक्षा महत्त्वाचं आहे, कारण पातळ कुकी जळते तेव्हा शेजारची जाड कुकी अजून कच्ची असते. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या ठेवा आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवा, चार वर्षांच्या मुलालाही सारखं लाटता येतं. आकार कसेही येऊ देत. त्याने तीन पायांचा हत्ती केला तर तो तसाच भाजा, चौथा पाय जोडायला जाऊ नका. उरलेल्या कातरणी एकत्र करून पुन्हा एकदाच लाटा. त्यापुढे पीठ चिवट होतं, तेव्हा शेवटच्या कातरणीच्या लहान गोळ्या करून बोटाने चपट्या करायला धाकट्याला सांगा.

दोन बाबतींत मात्र सूट देऊ नका. कच्चा गोळा चाटायचा नाही. लोकांना वाटतं की भीती फक्त कच्च्या अंड्याची असते, आणि अंडं नसलं की काही हरकत नाही. पण पीठ हेही कच्चंच असतं. २०१६ मध्ये अमेरिकेत ई. कोलाय या जिवाणूच्या संसर्गाचं मूळ पिठात सापडलं होतं आणि मोठ्या प्रमाणावर पीठ परत मागवावं लागलं होतं. मुलांना नुसतं ‘नको’ न म्हणता कारण सांगा आणि चाटण्यासाठी कुस्करलेलं केळं किंवा थोडे मनुके शेजारी ठेवा. दुसरं म्हणजे सुका मेवा. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकू शकतात. बारीक पूड किंवा अगदी पातळ काप चालतात. ओव्हनचं दार तुम्हीच उघडायचं हे तर तुम्हाला सांगायला नकोच. मुलीला घड्याळ लावायचं काम द्या, तेही जबाबदारीचंच आहे.

सजावटीला रंगीत गोळ्या लागतातच असं नाही. भाजण्याआधी दुधाचा हात फिरवून त्यावर तीळ, खोबऱ्याचा कीस किंवा मनुक्याचे डोळे लावता येतात. गुलाबी रंग हवा असेल तर पिठीसाखरेत बिटाच्या रसाचे काही थेंब टाका आणि ते पूर्ण गार झालेल्या कुकीवर लावा. गरम कुकीवर लावलं तर वाहून जातं.

कुकीज पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरली की मऊ पडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर छान राहतात. ओट्सच्या मऊ कुकीज त्याच डब्यात ठेवू नका, त्यांचा ओलावा कुरकुरीत कुकीज शोषून घेतात. मऊ पडल्याच तर १५० अंशांवर पाच मिनिटं ठेवून गार करा. सण अजून लांब असेल तर कच्चा गोळा नळकांड्यासारखा वळून, बटर पेपरात गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा, दोन महिने टिकतो. हवा तेव्हा चकत्या कापा आणि मिनिट-दोन मिनिटं जास्त भाजा. पाहुणे दारात असताना याचा फार उपयोग होतो.

शेजारी किंवा नातेवाइकांना द्यायच्या असतील तर पाकिटावर काय काय घातलंय ते मुलीकडून लिहून घ्या. गहू, दूध, तीळ आणि सुका मेवा यांची कुणाला ॲलर्जी असेल तर त्यांना विचारत बसावं लागणार नाही.