5 मिलिवॅटला घाबरायचं आणि 9 वॅटला नाही, असं का?

प्रश्न: मुलाने मांजराला खेळवायला लाल लेझर पॉइंटर आणलाय. त्यावर 5 मिलिवॅट लिहिलंय आणि खाली सूचना, डोळ्यात मारू नका. घरातला बल्ब 9 वॅटचा, म्हणजे 1800 पट, तो तर आम्ही रोज बघतो. प्रकाश तो प्रकाशच ना? आणि भिंतीवर तो ठिपका बारीक वाळू टाकल्यासारखा चमचमतो कशामुळे?
– एक वाचक, मिरज

उत्तर: तुमचा 1800 चा हिशोब तसा बरोबर, पण 9 वॅट हे बल्ब वीज किती खातो त्याचं माप आहे, प्रकाश त्यातला साधारण तिसरा हिस्सा, आणि तोही घरभर उधळलेला. दोन मीटरवरून बघितलं तर ढोबळमानाने अर्धा मायक्रोवॅटसुद्धा (मायक्रोवॅट म्हणजे मिलिवॅटचा हजारावा भाग) तुमच्या डोळ्याच्या बाहुलीत शिरत नाही. पॉइंटरचे 5 मिलिवॅट मात्र सगळेच्या सगळे आत, म्हणजे दहा हजार पट जास्त! बरं एवढ्यावर भागत नाही, बल्बचं चित्र डोळ्याच्या आतल्या पडद्यावर अर्धा मिलिमीटर तरी पसरतं आणि लेझरची सरळ रेघ डोळ्याचं भिंग एका टाचणीच्या टोकापेक्षा बारीक ठिपक्यात गोळा करतं. तिथे भाजतं. गणपतीच्या मिरवणुकीतले ते लेझर बीम तर याच्या कितीतरी पट ताकदीचे, म्हणून 2024 मध्ये पुणे पोलिसांनी त्यांच्यावर बंदी घातली होती, आणि माझ्या मते ती उशिराच आली.

आता हा प्रकाश असा एका रेघेत येतो कसा? मिरवणुकीतलंच घ्या. रस्त्यावरची गर्दी वाटेल तशी टाळ्या पिटते, तसा बल्ब: एकेक अणू आपल्या मर्जीने, वाटेल तेव्हा, वाटेल त्या दिशेला प्रकाश सोडतो. लेझरमध्ये अणूंना आधी ऊर्जा देऊन तयार ठेवलेलं असतं, मग प्रकाशाचा एक कण शेजारून गेला की तो अणू त्याचाच ठेका धरतो, तोच रंग, तीच दिशा, तीच टिपरी. एकाचे दोन, दोनाचे चार. हे होऊ शकतं असं आइन्स्टाइनने 1917 मध्ये कागदावर मांडलं, प्रत्यक्षात आणायला 1960 उजाडलं, थिओडोर मेमनने अमेरिकेत माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढला. दोन टोकांना आरसे, त्यातला एक किंचित पारदर्शक, प्रकाश मधे फेऱ्या मारत वाढतो आणि त्या आरशातून थोडा थोडा बाहेर. आरशांच्या रेषेत नसलेला प्रकाश बाजूने निसटून जातो, म्हणून उरतो तो सरळ. अगदी सरळ पण नाही हं, चंद्रावर मारलेला झोत तिथे पोचेपर्यंत काही किलोमीटर रुंद होतो.

रंगाचं घरीच बघा. जुनी सीडी शोधा, तिच्यावर मोबाइलचा टॉर्च मारा, इंद्रधनुष्य दिसेल. मग पॉइंटर मारा (परत येणारा झोत भिंतीवरच जाऊ दे, सीडी चकचकीत असते): सुटे सुटे लाल ठिपके, मधे दुसरा रंग नाहीच. बाकी हिरवा पॉइंटर स्वस्तात मिळाला तर मुलाला देऊ नका. त्याच्या आत आधी न दिसणारा इन्फ्रारेड तयार होतो आणि त्याचा हिरवा करतात, फिल्टर नसला तर तो इन्फ्रारेडही बाहेर येतो, दिसत नाही म्हणून डोळा मिटतही नाही.

आणि ती वाळू. ती भिंतीवर नाहीच, ती तुमच्या डोळ्यात तयार होते. भिंत आपल्याला गुळगुळीत वाटते पण प्रकाशाच्या बारीक लाटांच्या मानाने ती खडबडीत डोंगरच, त्यामुळे वेगवेगळ्या खाचांवरून आलेल्या एकाच ठेक्यातल्या लाटा कुठे एकमेकींना जोर देतात, तिथे चमक, कुठे खोडतात, तिथे काळं. बल्बच्या प्रकाशातही हे चालूच असतं, पण ठेका इतका पटापट बदलतो की सगळं एकसारखं दिसतं. गंमत म्हणजे चष्मा काढून भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत डोकं हळू डावी-उजवीकडे हलवा. लांबचं न दिसणाऱ्यांना वाळू उलट्या दिशेने सरकताना दिसते, जवळचं न दिसणाऱ्यांना डोक्याबरोबर. माझा नंबर मायनस साडेतीन, माझी वाळू उलटी पळते.