नाण्यावर पिस्ता रंगाची पूड येतेय, घासू का?

प्रश्न : आजोबांच्या डब्यात पंधरा-वीस जुनी नाणी सापडली, त्यातली हत्तीछाप सातवाहनांची आहेत असं एका जाणकारांनी सांगितलं. पावसाळ्याआधी सगळी गडद हिरवी होती, आता दोन नाण्यांवर फिकट ठिपके आलेत आणि हात लावला की पूड बोटाला लागते. आई म्हणते चिंच लाव, लख्ख होतील. लावू का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : आईंना नमस्कार सांगा, पण चिंच आमटीतच जाऊ दे! कॉलेजात असताना मी एका शिवराईला लिंबू चोळलं होतं, आज ती नुसती गुलाबी चकती आहे, 'छत्र पति'मधलं 'छत्र' तेवढं कसंबसं वाचता येतं. नाण्यावरचा गडद, गुळगुळीत, घट्ट बसलेला हिरवा किंवा तपकिरी थर म्हणजे पाटिना, तो शेकडो वर्षांत तयार होतो आणि आतल्या धातूला सांभाळतो, त्याला हात लावायचा नाही.

तुमचं दुखणं वेगळं आहे, याला ब्राँझ डिसीज म्हणतात, जंतूबिंतू काही नसतात. मातीतल्या मिठातलं क्लोराइड तांब्याशी मिळून पाटिनाच्या खाली गप्प पडून असतं, मग दमट हवा लागली की त्याची फिकट हिरवी पूड होते आणि सोबत ॲसिड सुटतं, ते ॲसिड आणखी तांबं खातं की परत तेच चक्र. ऐरोलीला खाडी शेजारी आणि जुलैमध्ये हवेत ८०-९० टक्के ओलावा, म्हणजे याला आयतं आमंत्रणच.

खात्री करायची असेल तर भिंगाखाली लाकडी टूथपिकने ठिपका हलकेच टोकरा. पावडरसारखा भुरभुर गळला आणि खाली खड्डा दिसला तर बहुतेक तेच. मग नाणं डब्यात ओल्या कापसाशेजारी (टेकवून नाही) झाकून दिवसभर ठेवा, नवीन फिकट ठिपके आले की शंका संपली.

आता उपाय. आधी ती दोन नाणी बाकीच्यांपासून वेगळी करा, टूथपिकने पूड काढा, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा आणि पाणी रोज बदला. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. हे दोन दिवसांचं काम नाही हो, आठवडेच्या आठवडे जातात आणि तरी खोल खड्ड्यातलं क्लोराइड राहू शकतं. शेवटी ॲसिटोनमध्ये (पटकन उडून जाणारा, पेट घेणारा द्रव) बुडवून नीट कोरडं करा, खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब. पण एक सांभाळा, सातवाहनांची बरीच नाणी शिशाची आहेत, शिसं डिस्टिल्ड वॉटरमध्ये उलट खराब होतं. राखाडी, आकाराच्या मानाने जड आणि पांढरी पूड असलेलं नाणं पाण्यात अजिबात टाकू नका.

बेंझोट्रायझोल म्हणजे बीटीए नावाचं औषध या रोगावर म्युझियमवाले वापरतात, पण ते विषारी आहे, घरी नकोच. नाणं मोलाचं वाटत असेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कॉन्झर्व्हेशन सेंटर आहे, तिथे विचारा.

आणि खरं औषध म्हणजे कोरडेपणा. हवाबंद डबा, ओलावा शोषणारं सिलिका जेल, आत छोटा ह्युमिडिटी मीटर, काटा ४० टक्क्यांच्या खालीच हवा. जेलचे नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवायचे, परत तयार. नाणी कडेनेच धरा, घामातही मीठ असतंच.

प्रश्न : अल्बममधल्या नाण्यांवर हिरवट चिकट थर आलाय, तोही हाच रोग का? (वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर : नाही, तो अल्बमच्या मऊ पीव्हीसी प्लास्टिकचा प्रताप! इअरबडने ॲसिटोन फिरवा, निघेल. अल्बम टाकून द्या आणि मायलरचे (पॉलिएस्टरच्या पारदर्शक प्लास्टिकचे) होल्डर घ्या, लाकडी खोक्यात मात्र ठेवू नका, लाकडातूनही ॲसिडची वाफ सुटते आणि शिशाच्या नाण्यांना ती सगळ्यात आधी लागते.