‘अंगात त्राण नाही’ म्हणणाऱ्या आजी

प्रिय डॉक्टर,

आरोग्य केंद्राच्या ओपीडीत सत्तरीच्या आजी येतील. पिशवीत जुने एक्स-रे, ईसीजी, गॅसच्या गोळ्या. “अंगात त्राण नाही, अन्नावरची वासना उडालीय, डोकं जड राहतं.” उदास वाटतं का विचारलंस, तर म्हणतील, “छे, मला काय कमी आहे? मुलं-सुना चांगली आहेत.” तेवढ्यावर नैराश्य नाही असं धरून केसपेपर मिटू नकोस.

झोपेपासून सुरुवात कर. झोप लागते का, एवढं पुरत नाही. जाग किती वाजता येते ते विचार. पहाटे ३ वाजता जाग, मग डोळ्याला डोळा नाही, सकाळी जीव नकोसा आणि संध्याकाळी जरा बरं, ही ठळक खूण. मग जेवण. २ भाकऱ्यांची अर्धी कधी झाली? बांगड्या कोपराकडे सरकतात का बघ आणि वजन करच. तुळशीला पाणी, हरिपाठ, शेजारी जाणं, यांतलं काय सुटलं? हे सगळं २ आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर नैराश्याचा संशय घे.

हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२, सोडियम तपास. वजन उतरत असेल तर क्षय आणि कर्करोगही डोक्यात ठेव. पण रिपोर्टची वाट बघत मनाची चौकशी लांबवू नकोस. रक्त कमी निघालं म्हणून नैराश्य नाही, असं होत नाही.

वृद्धांसाठीची १५ प्रश्नांची नैराश्य मापनश्रेणी वापर. ५ किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी हवी. तिच्यात शरीराच्या तक्रारी मुद्दाम घेतलेल्या नाहीत, कारण त्या संधिवातातही असतात. प्रश्न विचारताना सुनेला बाहेर बसव.

“देवानं आता न्यावं” हे वाक्य सोडून देऊ नकोस. स्वतःच्या जिवाचं काही करावंसं वाटतं का, सरळ विचार. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर एकटं घरी पाठवू नकोस, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी बोल. घरातलं कीटकनाशक हलवायला सांग. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चिठ्ठीवर लिहून दे.

नुसती झोपेची गोळी देणं ही नेहमीची चूक. रात्री तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचं औषध सुरू झालंच तर ५ मिलिग्रॅमपासून, आणि २ आठवड्यांत सोडियम पुन्हा बघ.

“तुम्हाला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत” असं चुकूनही म्हणू नकोस. दुखणं खरंच असतं. औषधाचा गुण यायला ४ ते ६ आठवडे, कधी जास्तही लागतात. हे घरच्यांना आजच सांग, नाहीतर आठव्या दिवशी गोळ्या बंद होतात.

तुझा,
सर