पहाटेचा भोंगा आणि तिसऱ्या मजल्याचा फ्लॅट

ताई, तुमचे प्रश्न दोन. एप्रिलअखेर डॅलसला यायचं ठरलंय, बरोबर चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. तर टोर्नेडोच्या, म्हणजे जमिनीपर्यंत येणाऱ्या भोवऱ्यासारख्या वादळाच्या, भोंग्यांनी रात्री-अपरात्री उठावं लागतं हे कितपत खरं? आणि डॅलसजवळच्या प्लेनोतल्या त्या कॉम्प्लेक्समधला तिसऱ्या मजल्याचा स्वस्तातला फ्लॅट घ्यावा का? दुसऱ्याचं उत्तर आधी देते: नका घेऊ. का ते पुढे येईलच.

मी पहिला भोंगा ऐकला तो मार्चमध्ये, पहाटे पावणेपाचला. आधी दोघांचे फोन एकदम केकाटले. मी अलार्म समजून बंद केला आणि कूस बदलली. मग लांबून भोंगा सुरू झाला. अर्धवट झोपेत मला वाटलं, यवतमाळला आहे, नगरपालिकेचा भोंगा झाला, शाळेला उशीर! पूर्ण जाग आल्यावर आम्ही काय केलं असेल? दोघंही बाल्कनीत बघायला गेलो. समोरच्या बिल्डिंगमध्येही दोघं-तिघं बाहेर उभे, एकजण तर मोबाइलवर शूटिंग करत होता. काळोखात काही दिसत नव्हतं, पाऊस आडवा येत होता. तेवढ्यात पायरीजवळची तुळस कुंडीसकट गेली, तेव्हा अक्कल आली.

तेव्हा आम्हीही तिसऱ्याच मजल्यावर होतो. वर नुसतं लाकडी छप्पर. खाली जावं तर कुणाकडे? तळमजल्यावर कुणाशी साधी 'हॅलो'ची ओळख नव्हती. शेवटी मुलाला टबात बसवलं, त्याच्यावर गादी धरली आणि पंचवीस मिनिटं तसेच बसून राहिलो. झालं काहीच नाही. दोन गल्ल्या पलीकडे लाकडी कुंपण आडवं झालं, एवढंच. नंतर कॉम्प्लेक्सच्या ऑफिसात विचारलं, अशा वेळी जायची जागा कुठली? बाई गोड हसून म्हणाली, "तुमची बाथरूम."

तुम्हाला वाटेल, तळघर नसतं का? सिनेमात तर दिसतं. इथे, टेक्सासच्या उत्तर भागात, घरांना सहसा नसतं, आणि त्यातलं एक कारण ऐकून मला माहेर भेटल्यासारखं झालं. इथली जमीन आपल्या विदर्भातल्यासारखी काळी, कापसाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत तळघर बांधणं महागात पडतं, म्हणून घर थेट काँक्रीटच्या लादीवर. जुलै-ऑगस्टमध्ये लोक घराच्या पायाला कडेने ठिबकसारख्या नळ्या टाकून पाणी पाजतात, भिंतींना तडे जाऊ नयेत म्हणून. मी बाबांना फोटो पाठवला तर म्हणाले, "कपाशी कुठाय?"

आता धोक्याबद्दल. मराठी पेपरात टोर्नेडोलाही चक्रीवादळ म्हणतात, तिथे घोटाळा होतो. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, ते येणार हे आधीपासून माहीत होतं, माणसं हलवता आली. इथे तसं नाही. आदल्या दिवशी सांगतात ते एवढंच, की आभाळाची लक्षणं वाईट आहेत. मग ओक्लाहोमातल्या नॉर्मनचं वादळ-केंद्र 'वॉच' काढतं, म्हणजे टोर्नेडो होऊ शकतो असा इशारा; तो मोठ्या टापूला आणि कित्येक तासांसाठी असतो. त्या वेळी फोन चार्ज करायचा आणि झोपायचं. 'वॉर्निंग', म्हणजे आत्ता लपा असा इशारा, शेजारच्या फोर्ट वर्थचं हवामान कार्यालय काढतं, नकाशावर छोटा चौकोन आखून. रडारवर वारा फिरताना दिसला किंवा कुणी प्रत्यक्ष पाहिला, तरच. तुम्ही त्या चौकोनात असाल तर हाताशी मिनिटं मोजकीच असतात, तेव्हा बाल्कनीत जायचं नाही.

आणि तो भोंगा तुम्हाला झोपेतून उठवायला बसवलेलाच नाही. तो बाहेर असलेल्यांसाठी आहे, मैदानावर खेळणाऱ्यांसाठी, बागेत फिरणाऱ्यांसाठी: आत जा, बातम्या बघा. बंद खिडक्या, एसी, वर गडगडाट. झोपेत ऐकू आला तर नशीब. शिवाय तो शहरागणिक वेगळ्या कारणाने वाजतो; काही ठिकाणी जोराच्या वाऱ्याला किंवा मोठ्या गारांनाही. थांबला म्हणजे धोका टळला असंही नाही, 'आता बाहेर या' असा भोंगा इथे वाजवत नाहीत. डॅलस शहरात दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला चाचणी असते. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात त्या घरी एकट्या असताना वाजेल.

एकदा तर निरभ्र आभाळाखाली वाजले होते. एप्रिल २०१७ मध्ये कुणीतरी डॅलसच्या यंत्रणेत घुसून मध्यरात्रीच्या सुमारास शहरातले सगळे १५६ भोंगे वाजवले, दीड तास! आम्ही तेव्हा यायचो होतो, पण ऑफिसातले लोक अजून रंगवून सांगतात.

म्हणून झोपेसाठी भरवसा फोनवर आणि वेदर रेडिओवर, म्हणजे हवामानाचा इशारा आला की आपोआप वाजणाऱ्या रेडिओवर. फोनमधले इमर्जन्सी अलर्ट कंटाळून बंद करू नका. लहान मूल हरवल्याचेही अलर्ट येतात, रात्री दोनला दचकवतात, म्हणून पुष्कळ जण सगळेच बंद करून टाकतात. वेदर रेडिओ साधारण तीस-चाळीस डॉलरचा. बॅटरीवाला घ्या आणि त्यात आपली काउंटी भरा. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं; शब्द आपल्याला नवा, पण टीव्हीवर सगळं त्याच भाषेत चालतं. प्लेनो कॉलिन काउंटीत. पश्चिमेला डेंटन, नैर्ऋत्येला टॅरंट. वादळं बहुधा तिकडूनच येतात, त्यामुळे टीव्हीवर डेंटनचं नाव आलं की मी पायात बूट घालते.

बूट ही चेष्टा नाही. वादळानंतर काचा आणि खिळे असतात, अनवाणी माणूस दोन पावलं जाऊ शकत नाही. आता आमचं घर आहे, जिन्याखाली क्लोजेट, म्हणजे कपडे-सामान ठेवायची छोटी खोली. त्यात बूट, टॉर्च, पासपोर्टची पिशवी आणि सायकलचं हेल्मेट ठेवलेलं असतं. हेल्मेट मुलाच्या डोक्यात घालायचं, डोक्याला मार लागण्याचीच भीती जास्त. तुमच्या सासूबाईंसाठी प्लास्टिकचं बुटकं स्टूल आधीच नेऊन ठेवा. माझ्या आईला गुडघ्यांमुळे खाली बसता येईना; पहाटे पाचला ती अंधारात दाराची चौकट धरून उभी, वर माझ्या पैठण्यांच्या पिशव्या, आणि म्हणते, "मी इथेच बरी आहे, तुम्ही बसा."

पहाटेच का, असंही वाटेल तुम्हाला. संध्याकाळी पश्चिमेकडे उठलेली वादळं रात्रभर एका ओळीत सरकत पहाटे डॅलसला पोचतात. त्या ओळीतले टोर्नेडो बहुतेक लहान आणि अल्पजीवी असतात, पण पावसात गुरफटलेले. दिवसाही दिसत नाहीत, अंधारात तर नाहीच. एप्रिल-मे मुख्य मोसम, पण त्यावर जाऊ नका. २० ऑक्टोबर २०१९ ला रात्री नऊच्या सुमारास उत्तर डॅलसमधून मोठा टोर्नेडो गेला, दुकानं-शाळा मोडल्या, जीव मात्र एकही गेला नाही. २६ डिसेंबर २०१५ ला डॅलसजवळच्या गार्लंड-राउलेटच्या बाजूला टोर्नेडोत दहा जण गेले, बहुतेक हायवेवर गाड्यांमध्ये. वॉर्निंग असताना गाडी काढून पळायचं नाही, पुलाखाली तर मुळीच थांबायचं नाही. तिथे वारा उलट जोर धरतो.

मला सहा वर्षांत झोपेतून उठून क्लोजेटमध्ये बसावं लागलं ते चारदा. टोर्नेडो एकदाही आमच्या गल्लीत आला नाही. गारा मात्र दोनदा आल्या, लिंबाएवढ्या. गाडीचं बॉनेट वरवंट्याने ठेचल्यासारखं झालं. पैशाचं नुकसान इथे खरं गारांमुळे होतं. म्हणून छपराखालचं पार्किंग मिळत असेल तर महिन्याचे जास्तीचे पैसे द्या, आणि भाडेकरूंचा विमा घ्याच.

फ्लॅट तळमजल्याचा बघा. वरच्यांच्या पावलांचा आवाज येईल, ते खरंय, लाकडी बांधकाम आहे. बघताना एकच गोष्ट शोधा: बाहेरच्या भिंतीला न लागलेली, खिडकी नसलेली, चार माणसं मावतील अशी जागा. बाथरूम असो, क्लोजेट असो. सही करायच्या आधी त्या खालच्या फ्लॅटचा आराखडा मागवून मला पाठवा, कुठे बसायचं ते खूण करून देते.